दारात समुद्र, लग्न अंदमानात

शेजारच्या वहिनींच्या मुलीचं लग्न अंदमानात, समुद्रकिनाऱ्यावर होणार, ही बातमी मला भाजीवालीकडून कळली. वहिनी राहतात वईच्या पलीकडे आणि भाजीवाली येते चौलहून, तेव्हा राग आला तर तो रास्तच म्हणायचा. आमच्या दोन वाड्यांमधली मेंदीची वई कंबरेच्या वर वाढू द्यायची नाही, असं दोन्ही घरांचं ठरलेलं आहे. वाढली की बोलायला मान उंच करावी लागते. त्या संध्याकाळी मी कात्री घेऊन मुद्दाम तिकडच्या अंगाला छाटायला उभी राहिले.

“काय वहिनी, नागावचा समुद्र आटला म्हणे?”

“बाई, आता तुम्ही सुरू करू नका. घरात सासरे रोज तेच म्हणत होते.”

“मग त्यांचं काय चुकतं? मुंबईची बडी माणसं लग्नं करायला अलिबागला येतात. आक्षी, वरसोली, किहीम, डिसेंबरात एक बंगला रिकामा सापडत नाही. आणि आपण निघालो विमानाने, वाळू शोधायला.”

वहिनींनी शिंपण्याचा पाइप सुपारीच्या बुंध्याशी टाकला आणि वईपाशी आल्या. म्हणजे गप्पा लांबणार. “मीही तिला हेच म्हटलं. तर म्हणते, ‘आई, ज्या किनाऱ्यावर मी बालवाडीची सहल केली, तिथेच लग्न? मागून घोडागाडी, पुढून बनाना बोट, आणि मध्ये मी शालू नेसून?’ आता यावर काय बोलाल?”

यावर मला खरंच काही बोलता येईना. रविवारचा नागावचा किनारा मी पाहिलेला आहे.

अंदमान एकदम ठरलं नव्हतं. आधी गोवा झालं, पण पोरीच्या मैत्रिणींची सगळी लग्नं गोव्यातच झाली, म्हणून ते बाद. मग लक्षद्वीप निघालं. तिथे जायला आपल्या माणसालाही आधी प्रवेश-परवाना लागतो, तोही प्रत्येकाला वेगळा, आणि बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी. पहिल्या कारणाने वहिनी मागे आल्या आणि दुसऱ्या कारणाने मुलाचे मित्र. मुलाच्या आईच्या मनात मॉरिशस होतं. तिथे मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी वहिनींना तीनदा सांगितलं. पण सगळ्या वऱ्हाडाचे पासपोर्ट कोण काढणार? व्याही म्हणाले, आमच्या निम्म्या नातेवाइकांकडे तर पॅनकार्डसुद्धा नाही. तिथे मॉरिशस संपलं आणि हॅवलॉकचं नाव आलं.

“हॅवलॉक नाही म्हणायचं हं आता,” वहिनी म्हणाल्या. “2018 पासून स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्री विजयपुरम केलंय. पत्रिकेत काय छापायचं यावर दोन्ही घरांत आठवडाभर चर्चा. शेवटी नवं नाव मोठ्या अक्षरांत आणि जुनं कंसात, असं ठरलंय. नाहीतर माणसं तिकिटं कुठली काढणार?”

इतक्यात मागच्या वाडीतल्या काकू आल्या. त्यांना वई लागत नाही, त्या बेड्यातून थेट आत येतात. “किती जणांना नेताय?” काकूंनी आल्या आल्या विचारलं. मी तासभर ज्या प्रश्नाभोवती घिरट्या घालत होते, तो त्यांनी चपला काढायच्या आधी विचारून टाकला.

“साठ,” वहिनी म्हणाल्या आणि पायाकडे बघू लागल्या.

“दोन्हीकडचे?”

“दोन्हीकडचे मिळून.”

काकूंनी मनातल्या मनात भागाकार केलेला मला दिसला. तीस. त्यात मावश्या, मामा, आत्या, त्यांचे यजमान, पोरीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. नागावातल्या शेजाऱ्यांपर्यंत आकडा पोचतच नाही. “बाकीच्यांना इथे वाडीत जेवण आहेच की, परत आल्यावर,” वहिनी घाईने म्हणाल्या. काकू “हो का” म्हणाल्या. आमच्याकडे “हो का” असं म्हटलं की पुढची दोन वर्षं आठवण राहते.

खरी गंमत मुहूर्तावरून झाली. मुलीला हवा होता गोरज मुहूर्त. सूर्य पाण्यात बुडतोय, मध्ये अंतरपाट, मागे सनई, तो फोटो तिने मनात पक्का केला होता. आमच्या भटजींनी माघातली वसंत पंचमी धरून सहा वाजून पस्तीस मिनिटं काढून दिली. अलिबागला त्या दिवसांत सूर्य साधारण तेव्हाच मावळतो. वहिनींनी ती वेळ रिसॉर्टच्या मॅनेजरला फोनवर कळवली. तो बंगाली, मोठा सभ्य माणूस. थोडा वेळ गप्पच बसला आणि म्हणाला, “मॅडम, साढ़े छह बजे यहाँ रात होती है।”

मी शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे इथे मला राहवलं नाही. अहो, अलिबाग त्र्याहत्तर रेखांशाजवळ, हॅवलॉक त्र्याण्णवच्या. वीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. फेब्रुवारीत तिकडे साडेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो आणि सकाळी पावणेसहाला वर आलेला असतो. गोरज धरायची तर मुलीला दुपारी तीनला नटून बसायला हवं, आणि वऱ्हाडाने चहाच्या वेळी अक्षता टाकायच्या.

“भटजींना सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले,” वहिनी म्हणाल्या. “म्हणाले, आधी सांगायचं ना गाव कुठलं ते! लग्नराशी दोन तासांत बदलते, ऐंशी मिनिटांचा फरक म्हणजे काय खेळ आहे? आता तिथले अक्षांश-रेखांश घेऊन नव्याने मांडतायत.”

“पण सूर्यास्त तरी दिसणार ना पाण्यात?” काकूंनी विचारलं.

तोही नाही! वहिनी आणि त्यांचे यजमान भाऊ दिवाळीत जागा बघून आले, तेव्हा हे उघडकीला आलं. हॅवलॉकचा नावाजलेला किनारा राधानगर. ‘टाइम’ मासिकाने 2004 मध्ये आशियातला सर्वांत सुंदर म्हटलं तो. तो पश्चिमेला आहे, तिथे सूर्य पाण्यात बुडतो. पण तो सगळ्यांचा किनारा, मागे जंगल, तिथे आपला मांडव कोण घालू देणार? लग्नाचं रिसॉर्ट आहे विजयनगरला. म्हणजे पूर्वेला. तिथे सूर्य संध्याकाळी आपल्या पाठीमागे, झाडीत मावळतो. समुद्रातून उगवतो मात्र.

“मग?”

“मग काय, पोरगी दोन दिवस रुसली. नंतर स्वतःच म्हणाली, उगवता घेऊ. भटजींना म्हटलं सकाळचा बघा. सात-साडेसातच्या आसपास मिळेलसं म्हणतायत. मेकअपवाली रात्री दोनला उठणार आणि त्याचे वेगळे पैसे लावणार. पण भाऊ खूश आहेत. सकाळी आटोपलं की दुपारी झोप.”

मला विचाराल तर हाच निर्णय बरा. संध्याकाळचा वारा काय असतो ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून येतात, माइकमध्ये मंगलाष्टकांपेक्षा वाराच जास्त ऐकू येतो, आणि सप्तपदीसाठी मांडलेल्या तांदळाच्या सात राशींपैकी चौथ्या पावलाला तीनच शिल्लक राहतात. लाजाहोमाचं तर बोलूच नका. फोटोत वाळू दिसते, वारा दिसत नाही, म्हणून लोकांना ही लग्नं सोपी वाटतात.

वहिनींनी तिथे एक प्रयोग करून पाहिला होता, तो मला फार आवडला. रिसॉर्टच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी पर्समधले मूठभर तांदूळ वाळूवर टाकले. अक्षता पडल्यावर कशा दिसतात ते बघायला, म्हणाल्या. पाच मिनिटं काही नाही. मग वाळूतले शंख चालायला लागले. एक, दोन, मग दहा-बारा. नखाएवढे, सुपारीएवढे, एक तर लिंबाएवढा, आणि प्रत्येकाखाली आपला खेकडा, पाय काढून. तांदळाजवळ आले, चिमट्याने एकेक दाणा उचलायचा, तोंडाशी न्यायचा, पुढचा दाणा. भाऊ म्हणाले, “चला, पंगतीला पहिली मंडळी हजर.” वहिनी मात्र तेव्हापासून काळजीत आहेत. नवरी अनवाणी उभी राहणार आणि पायाखाली हे.

“तुमच्या पोरीला खेकड्यांचं काय? लहानपणी काठीने बिळातून काढायची ती,” काकू म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

मग पाण्याचा विषय निघाला. त्यावर आमचे हे आतून उठून आले. ह्यांचं म्हणणं, भरतीचं गणित कोळ्याच्या पोरालाही येतं. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंचमी म्हणजे पावणेचार, अष्टमी म्हणजे सहा. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी, तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालत जा. आम्ही सगळे याच हिशेबावर वाढलो. पण ते गणित आपल्या कोकणच्या पाण्याचं. बंगालच्या उपसागरापलीकडे ते कसं चालेल? मॅनेजरने तिथल्या भरतीचं कोष्टक पाठवलं, त्यातल्या वेळा ह्यांच्या पाऊणपटीशी जुळेनात. हे कागद घेऊन रात्री अकरापर्यंत बसले होते आणि शेवटी कोष्टकच चुकलंय असं ठरवून झोपले.

आणि हे गणित लागतं, बरं का. विजयनगरला ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि खाली दगड, मेलेली पोवळी उघडी पडतात. निळं पाणी हवं म्हणून एवढा खर्च करून गेलात आणि मुहूर्ताला ओहोटी असली, तर मागे चिखल-दगडांचा फोटो येणार. भरती पूर्ण असली तर मांडवाच्या खुर्च्यांना पाणी लागणार. वहिनींनी मॅनेजरला विचारलं, “पाणी कुठपर्यंत येतं?” तो काही बोलला नाही. त्यांना चालत घेऊन गेला आणि वाळूवर पडलेली शेवाळाची, काटक्यांची, पोवळ्याच्या तुकड्यांची वाकडी रेघ दाखवली. इथवर. मांडव तिच्या बराच वर, त्यांच्या हिरवळीवर घालायचा ठरलाय. खाली वाळूवर नुसती सातच पावलं. वाळूवर काही उभारायचं तर तिथल्या प्रशासनाची परवानगी काढावी लागते, त्या भानगडीतही पडायला नको.

“आणि मगर?” मी विचारलं.

“कसली मगर?”

आता हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळ एक अमेरिकन पर्यटक बाई मगरीने ओढून नेली होती. तेव्हापासून तिथे पाट्या आहेत, कुठे पोहायचं, कुठे नाही. पाट्या वाचायच्या, जीवरक्षकाचं ऐकायचं, एवढंच. वहिनींचा चेहरा उतरला. मी लगेच म्हटलं, सकाळी सातला मुंडावळ्या बांधून कोणी पोहायला जात नाही.

रुखवताचा घोळ वेगळाच. मोठ्या मावशींनी वर्षभर इथले शिंपले, कवड्या वेचून एक समई-तोरणाचं काम केलंय, फार सुरेख. ते न्यायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. अंदमानातून शंख-शिंपले, पोवळी बाहेर नेता येत नाहीत. पोवळी आणि कित्येक शंख 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत, विमानतळावर सामान तपासतात. नागावचे शिंपले नेले आणि परत आणताना अडवलं, तर हे आमचेच म्हणून शपथ कोण घेणार? त्याहून मोठा धक्का खोबऱ्याचा. सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलामुळे पेट घेतं म्हणून. कापूर नाही, काडेपेटी नाही. ओटीच्या सामानातून खोबऱ्याच्या वाट्या काढताना वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, “हे कसलं विमान, ज्यात खोबरं चालत नाही आणि माणसं चालतात!”

नारळ-सुपारीची काळजी मात्र करू नका, मी म्हटलं. तिथे बागायत याच दोन गोष्टींची. हॅवलॉकवर वस्ती मुख्यतः बंगाल्यांची, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे जमिनी दिल्या. गावांची नावं बघा, गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. त्यांच्या घरामागेही अशाच वाड्या. वहिनी म्हणाल्या, तिथल्या एका बाईंनी त्यांना अंगणातली सुपारी दाखवली आणि भाव विचारला. इथला भाव ऐकून त्या हसल्या. एवढं लांब जाऊन वहिनी शेवटी सुपारीच्या भावावरच बोलून आल्या.

जेवण तिथलेच आचारी करणार, पण मसालेभात आणि मठ्ठ्यासाठी इथून एक माणूस जाणार आहे. गोडा मसाला बरोबर. भाजी बहुतेक जहाजाने येते, त्यामुळे हवामान बिघडलं की टोमॅटोही महागतो. लग्नाच्या दिवशी शाकाहारी, दुसऱ्या दिवशी मासे. त्यात मोहरीचा मासा येणार म्हटल्यावर काकूंनी नाक मुरडलं.

“तारीख माघातलीच का?” काकू म्हणाल्या. “तुळशीचं लग्न झाल्याबरोबर करायचं होतं.”

नाही हो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. 2016 च्या डिसेंबरात हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाने सोडवून आणले. मग धनुर्मास, त्यात मुहूर्त नाहीत. संक्रांतीनंतर हवा निवळते, पाणीही शांत होतं. म्हणजे पंचांग आणि समुद्र दोघांचं एकमत फक्त माघ-फाल्गुनात. त्यातसुद्धा बोट आलीच. विमान पोर्ट ब्लेअरपर्यंत, पुढे दीड-दोन तास बोट, आणि शेवटची बोट दुपारीच सुटते. चेन्नईचं विमान उशिरा पोचलं की वऱ्हाड रात्रभर पोर्ट ब्लेअरला. म्हणून सगळ्यांनी एक दिवस आधी पोचायचं, असं वहिनींनी फर्मान काढलंय. मुलाच्या मित्रांना पाण्याखाली डुबकी मारायची आहे, त्यांना मी निरोप पाठवलाय: स्कूबा केल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, रक्तात वायूचे बुडबुडे होतात. तेव्हा आधी डुबकी, मग लग्न, मग विमान.

एवढं सगळं, आणि सासरे तयार कसे झाले, हे काकूंना कळेना. मला माहीत होतं. सेल्युलर जेल. आजोबा तीन महिने “मी येणार नाही” म्हणून बसले होते. मग नातीने नकाशा उघडून दाखवलं, पोर्ट ब्लेअरला उतरायचं, तिथेच जेल. सात हातांपैकी तीन उरलेत, त्यातच सावरकरांची कोठडी. 1911 मध्ये आणलं होतं त्यांना, दहा वर्षं तिथे. आजोबांनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि म्हणाले, “लग्न कधी आहे म्हणालीस?” कोठडी तिसऱ्या मजल्यावर, जिने चढे, आजोबांचे गुडघे गेलेले. पण आता ते रोज सकाळी ओटीच्या पायऱ्या दहा वेळा चढ-उतर करतात. सराव म्हणे.

“बाई, एक काम होतं,” वहिनींचा आवाज एकदम मऊ झाला. “नोंदणी इथेच अलिबागला करायचीय. मुलगा सिंगापूरला, व्हिसाला दाखला लवकर लागतो. विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस दिलीय, कचेरीच्या फळ्यावर लागलीसुद्धा.”

म्हणजे भाजीवालीला तिथून कळलं.

“तीन साक्षीदार लागतात. एक भाऊंचे मित्र आहेत. तुम्ही दोघं याल ना?”

काकू माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. सही करायला आम्ही, केळवण करायला आम्ही, वाळूत उभं राहायला दुसरे. तरी मी हो म्हटलं. पोरगी माझ्या वर्गात शिकलेली, तिच्या दाखल्यावर माझं नाव असायला काय हरकत आहे.

“आणखी एक,” वहिनी आता वईची पानं खुडू लागल्या. “आजोबांना जेलमध्ये, बोटीत सोबत हवी. भाऊ तर कामात असणार. भावोजींचं आणि त्यांचं जमतं. म्हणून साठांत भावोजींचं नाव घातलंय. आधार कार्डाचा फोटो पाठवा, नाव कार्डावर आहे तसंच लागतं.”

“आणि मी?”

“तुम्ही गेलात तर आमच्या वाडीचं शिंपणं, मांजर, परतल्यावरच्या जेवणाची तयारी, कोण बघणार? विश्वासाचं माणूस तुमच्याशिवाय आहे का मला?”

आतून ह्यांनी आधार कार्ड शोधायला कपाट उघडल्याचा आवाजही आला.

“वहिनी,” मी म्हटलं, “ह्यांना बोट लागते. मांडव्याहून गेटवेला जाताना कॅटामरानमध्ये पिशवी धरून बसतात, रेवदंड्याची खाडी होडीतून ओलांडतानासुद्धा डोळे मिटतात. दीड-दोन तास उघड्या समुद्रात आजोबांनी ह्यांना सांभाळायचं की ह्यांनी आजोबांना? शिंपणं ह्यांना चांगलं जमतं, मांजरही ह्यांचं ऐकतं. माझं कार्ड पाठवते. आडनावाचं स्पेलिंग नीट बघून घाला.”